निवारा क्रमांक सात

सासूबाईंच्या डोळ्यांत तिसऱ्यांदा थेंब घालून डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "आता दोन तास काही नीट दिसणार नाही. डोळे मिटूनच ठेवा." सासूबाईंनी डोळे मिटले आणि शहराचा भोंगा वाजायला लागला.

भोंगा थांबून थांबून वाजला तर चाचणी, सलग वाजला तर टोर्नॅडो, हे त्या शहरात शाळकरी पोरांनाही ठाऊक होतं. सासूबाईंना घेऊन आलेल्या जावयाला तर ते पाठच होतं, कारण तसं पत्रक त्यांच्याच खात्यातून निघालं होतं. जावई त्या खात्यात तपासनीस होते. ते जागेवरच उभे राहून भोंगा थांबायची वाट पाहू लागले. भोंगा थांबला नाही.

"आमच्या डार्करूममध्ये कशाबशा आम्ही तिघी मावतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्ही सात नंबरला जा. दोन गल्ल्या टाकल्या की वाचनालय. त्याच्या तळघरात आहे निवारा."

"आठ नंबर नाही का?" तपासनीसांनी विचारलं.

"आठ नंबर दोन किलोमीटरवर आहे."

"असू दे की. तेवढेच पाय मोकळे होतील."

डॉक्टरीणबाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा खिडकीतून आभाळाकडे पाहिलं आणि डार्करूमचं दार आतून लावून घेतलं.

तपासनीसांचा सात नंबरवर काही राग नव्हता. शहरातल्या चौदाही निवाऱ्यांची वार्षिक तपासणी त्यांच्याकडे होती आणि चौदाही त्यांना सारखेच होते. अकरा वर्षांपूर्वी, नोकरीत नवे असताना, त्यांनी चौदाच्या चौदा निवारे पायी फिरून पाहिले होते. बाकं मोजली होती, कड्या सरकवून बघितल्या होत्या, आणि बावीस प्रश्नांचा नमुना आपल्या सुरेख अक्षरात भरला होता. दुसऱ्या वर्षी त्यांचा बूट चावत होता, म्हणून त्यांनी कचेरीत बसूनच पहिल्या वर्षीचा नमुना उतरवून काढला. त्यावर वरून "समाधानकारक" असा शेरा आला. तिसऱ्या वर्षी बूट चावत नव्हता, पण तोवर सवय लागली होती. सहाव्या वर्षी सगळं फारच जुळतंय असं वाटून त्यांनी सात नंबरमधली एक बादली कमी केली, आणि सातव्या वर्षी ती परत आणून ठेवली. अर्थात कागदावरच. आठ नंबर त्यांनी निदान बसमधून अधूनमधून पाहिला होता. तो जागेवर होता एवढं तरी ते छातीठोकपणे सांगू शकत होते.

रस्त्यावर आले तेव्हा आभाळाला हिरवट रंग चढला होता आणि शहराच्या टोकाला ढगातून एक सोंड खाली लोंबत होती. सासूबाईंना ती दिसत नव्हती. त्या जावयाचं कोपर धरून, फिरायला निघाल्यासारख्या, संथ चालत होत्या.

"जरा पाय उचला, आई."

"उचलते की. पण मला कसली घाई? तुम्ही तपासलेला निवारा. आमचीच सही, आमचाच आसरा."

तपासनीसांनी एकदा आठ नंबरच्या रस्त्याकडे पाहिलं, एकदा सोंडेकडे पाहिलं आणि ते वाचनालयाकडे वळले. एकोणीस वर्षांपूर्वी सासूबाईंकडे मुलीसाठी तीन स्थळं आली होती. एकाचं घर मोठं होतं, एकाचा पगार मोठा होता, आणि तिसऱ्याने नुसतं पत्र पाठवलं होतं. ते पत्र पाहून सासूबाई म्हणाल्या होत्या, "ज्याचं अक्षर इतकं सरळ, तो माणूस वाकडा असायचा नाही." त्या दिवसापासून आजपर्यंत घरात बायको चिडली, मुलगी रुसली, तरी सासूबाई जावयाच्या बाजूने भिंतीसारख्या उभ्या राहिल्या होत्या. उद्या नोकरी गेली असती तर तपासनीसांनी दुसरी शोधली असती. दुसऱ्या सासूबाई कुठून आणणार?

वाचनालयाचा शिपाई तळघराच्या दाराशी उभा राहून लोकांना आत घ्यायच्या ऐवजी परत पाठवायच्या बेतात होता. "आत जागा नाही हो. आठ नंबरला जा."

"सोंड आली डोक्यावर आणि आठ नंबरला जा म्हणतोस?" असं म्हणत मागून एका बाईंनी त्याला बाजूला सारलं. या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्यांच्या आवाजाला शिपाई तर वळलाच, तपासनीसही वळले. त्यांच्यामागून रस्त्यापलीकडचा न्हावी आला. त्याच्या हातात साबणाचा ब्रश होता, आणि ब्रशामागे ज्याची दाढी चालली होती ते गिऱ्हाईक. गिऱ्हाइकाच्या तोंडावर डोळ्यांपर्यंत फेस होता आणि अंगावर न्हाव्याचीच चादर होती. शिपायाने सगळ्यांना आत घेतलं, लाथ मारून दार बसवलं आणि आतली लोखंडी कडी सरकवली. कडी कुरकुरत अर्ध्यात गेली आणि तिथे थांबली.

मुख्याध्यापिकांनी पर्समधून टॉर्च काढून पेटवला. तपासनीसांनी पाहिलं, आणि आपणही डोळ्यांत थेंब घालून घ्यायला हवे होते असं त्यांना वाटलं.

निवाऱ्यात जमिनीपासून छतापर्यंत मांडण्या होत्या. मांडण्यांवर ओल्या पेंढ्याने भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या होत्या, आणि पिशव्यांच्या भोकांतून पांढरीशुभ्र अळंबी बाहेर डोकावत होती. बाक एकही नव्हतं.

"हे काय आहे?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

"मशरूम," शिपाई खाली बघत म्हणाला. "बाई, आधी दरवर्षी तपासणीची नोटीस यायची. मी जागा झाडून, बाकं पुसून दिवसभर थांबायचो. कोणी यायचं नाही. मग चार दिवसांनी दाखला यायचा, सगळं ठीक आहे म्हणून. दोन-तीन वर्षं बघितलं. म्हटलं, सगळं ठीकच आहे तर जागा रिकामी कशाला ठेवायची?"

"कसली मशरूम?" सासूबाईंनी विचारलं.

"वर वाचनालयात त्यांच्यावरची पुस्तकं आहेत म्हणे," तपासनीस घाईघाईने म्हणाले. "तुम्ही बसा, आई." आणि त्यांनी सासूबाईंना पेंढ्याच्या एका पोत्यावर बसवलं.

"बाक मऊ आहे हो."

"गादी बसवली आहे. यंदाच."

"खर्च केलेला दिसतोय तुमच्या खात्याने." सासूबाईंनी पोत्यावरून हात फिरवला. "घसा कोरडा पडलाय. पिण्याचं पाणी असेल ना?"

प्रश्न क्रमांक नऊ: पिण्याच्या पाण्याची दोन झाकणबंद पिंपं. पिंप एक होतं, त्याला झाकण नव्हतं, आणि त्यात फवारणीचा पंप बुडवून ठेवला होता. तपासनीसांनी शिपायाला खुणेने विनवलं. शिपायाने आपली फिरकीच्या झाकणाची बाटली सासूबाईंच्या हातात दिली.

"पिंपातलं गार पाणी," तपासनीस म्हणाले.

सासूबाई प्यायल्या. "गारच आहे," त्या म्हणाल्या.

आता सगळं निभावेल असं तपासनीसांना वाटू लागलं होतं, तेवढ्यात टॉर्चचा झोत दारालगतच्या भिंतीवर गेला. तिथे काचेच्या चौकटीत यंदाचा, तपासनीसांच्याच हाताने लिहिलेला दाखला लावलेला होता. मुख्याध्यापिकांनी तो पस्तीस वर्षांच्या सरावाने, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात वाचायला घेतला.

"बाकं, वीस, सुस्थितीत! टॉर्च, चार! प्रथमोपचाराची पेटी, एक! बादल्या, तीन!" प्रत्येक वाक्यानंतर त्या टॉर्च फिरवून वस्तू शोधत आणि अळंबी दाखवत. "कोण आहे हा गाढव? सहीसुद्धा वाचता येत नाही. आणि खाली आणखी एकाची सही. 'पडताळणी केली.' म्हणजे एक आंधळा, त्याला दुसऱ्याचा हात!"

भिंतीकडे तोंड करून उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला खोकला आला.

"अशा माणसाला हेच पाणी पाजायला पाहिजे," न्हावी पिंपाकडे बघत म्हणाला.

तपासनीसांनी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंचा स्वभाव त्यांना माहीत होता. भाजीवाल्यापासून बसच्या कंडक्टरपर्यंत, जो भेटेल त्याला 'माझे जावई निवाऱ्यांचे तपासनीस आहेत' हे पहिल्या वाक्यात सांगितल्याशिवाय त्या दुसऱ्या वाक्यावर जात नसत. आताही त्यांनी तोंड उघडलं.

"असेल कोणीतरी," सासूबाई म्हणाल्या आणि गप्प बसल्या.

इतकं मोठं नशीब आपल्या वाट्याला कसं आलं याचा विचार तपासनीसांना पुरा करता आला नाही, कारण वादळ आलं. आधी कान दडपले. मग वरच्या मजल्यावर कोणीतरी सगळी कपाटं एकदम ओढत नेतंय असा आवाज झाला आणि तो वाढतच गेला. पिशव्या मांडण्यांवर हादरू लागल्या. छतातून माती गळायला लागली. मुख्याध्यापिकांनी टॉर्च छातीशी धरला, न्हाव्याने गिऱ्हाइकाला आणि शिपायाने मांडणीला मिठी मारली.

सासूबाईंनी जावयाचं मनगट पकडलं. "तुमचे ते बावीस प्रश्न आहेत ना," त्या त्यांच्या कानाशी म्हणाल्या, "ते म्हणा. बरं वाटेल."

"आई, आत्ता?"

"म्हणा."

तपासनीसांनी सुरुवात केली. "प्रश्न पहिला. भिंती भक्कम आहेत का..." आणि ते थांबले. अकरा वर्षं या प्रश्नापुढे ते 'होय' लिहीत आले होते, आणि आज पहिल्यांदाच त्यांना उत्तर माहीत नव्हतं. भिंतीचा हुंकार त्यांना पाठीत जाणवत होता. हात सासूबाईंच्या हातात होता. त्यांना भीती वाटत होतीच, पण भीतीपेक्षा जास्त लाज वाटत होती. इतकी लाज त्यांना आयुष्यात कधी वाटली नव्हती. अंधारात ते रडवेले झाले.

"काय उत्तर?" सासूबाईंनी विचारलं.

"बघावं लागेल," तपासनीस म्हणाले.

भिंती भक्कम निघाल्या. पाच मिनिटांत आवाज लांब गेला आणि थोड्या वेळाने सुटकेचा भोंगा झाला. सगळ्यांनी कपडे झटकले. शिपाई कडी काढायला गेला आणि तिथेच राहिला.

"सरकत नाही," तो म्हणाला. "ओलीने गंजली असेल. आतून लावायचा प्रसंगच आला नाही कधी."

प्रश्न क्रमांक चौदा: दाराची कडी सहज सरकते का? होय.

न्हाव्याने ओढून पाहिली, तपासनीसांनी ओढून पाहिली. दार ठोकून पाहिलं. रस्त्यावर शुकशुकाट होता. मुख्याध्यापिकांना रिकामा वेळ सोसत नसे. "कोणी येईपर्यंत तक्रार लिहून काढू," त्या म्हणाल्या आणि त्यांनी पर्समधून वही आणि पेन काढलं. "कोण लिहिणार? माझा चष्मा पळताना पडला. लांबचं दिसतं, हातातलं दिसत नाही."

"माझ्या जावयांना द्या," सासूबाई म्हणाल्या. "अक्षर मोत्यासारखं आहे."

तपासनीसांनी सासूबाईंकडे पाहिलं. त्या डोळे मिटून शांत बसल्या होत्या. वही घ्यावी लागली. मुख्याध्यापिका सांगू लागल्या आणि तपासनीस, ज्यांनी जन्मात एक वेलांटी तिरकी काढली नव्हती, ते जीव तोडून वाईट लिहू लागले. काने वाकवले, ओळी उतरवल्या, एका ठिकाणी मुद्दाम डाग पाडला.

मुख्याध्यापिकांनी वही हातभर लांब धरून त्यावर टॉर्च मारला. "हे अक्षर? याला मोत्यासारखं म्हणतात? तिसरीतली मुलं बरी लिहितात. फाडा ते पान. पुन्हा लिहा. आणि नीट!"

"नीट लिहा, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. "माझी मान खाली घालू नका."

मग तपासनीसांनी नीट लिहिलं. 'सात क्रमांकाच्या निवाऱ्यात आज आम्ही प्रत्यक्ष पाहिलं ते असं,' इथपासून सुरुवात करून बाकं नाहीत, टॉर्च नाही, पेटी नाही, पाणी पिण्याजोगं नाही, कडी सरकत नाही, हे सगळं त्यांनी क्रमाने लिहिलं. लिहिता लिहिता हात आपोआप सरळ झाला. मुख्याध्यापिका सांगत नव्हत्या तेही त्यांनी पाहून लिहिलं, दोन ठिकाणी ओल आणि एका ठिकाणी तडा.

मुख्याध्यापिकांनी वही पुन्हा लांब धरली. वाचता वाचता त्या थबकल्या. त्यांनी टॉर्च हळूच भिंतीवरच्या दाखल्याकडे नेला. मग वहीवर आणला. मग पुन्हा दाखल्यावर. पस्तीस वर्षं त्यांनी एकमेकांची वही उतरवणारी मुलं पकडली होती. आता त्यांनी टॉर्च तपासनीसांच्या तोंडावर धरला.

तपासनीसांनी फक्त एकदा सासूबाईंकडे पाहिलं आणि हात जोडले.

"काय झालं हो, बाई?" सासूबाईंनी विचारलं. "कसं आहे अक्षर?"

मुख्याध्यापिकांनी मिटलेल्या डोळ्यांच्या त्या म्हातारीकडे पाहिलं. "चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "अक्षराला नाव ठेवायला जागा नाही."

आणि त्यांनी वही मिटली.

"साबण लागेल," इतका वेळ कडीपाशी वाकून बसलेला न्हावी म्हणाला. "थोडा साबण चोळला की सुटेल बघा. वाटी दुकानातच राहिली, आणि ब्रश पार वाळलाय." बोलता बोलता त्याची नजर गिऱ्हाइकाकडे गेली. सगळ्यांचीच गेली.

गिऱ्हाईक मान हलवून नको म्हणत भिंतीला चिकटलं.

"लोकांना बाहेर पडायचंय!" मुख्याध्यापिका कडाडल्या. "पुसा ते तोंड!"

न्हाव्याने दोन बोटांनी फेस निपटून काढला आणि कडीला चोळला. टॉर्चच्या उजेडात जो चेहरा उघडा पडला त्याला अर्धी दाढी आणि अर्धी मिशी होती, पण तपासनीसांनी तो ओळखला. ते त्यांचे साहेब होते. साहेब आता एका महत्त्वाच्या बैठकीत आहेत, असं तपासनीसांना सकाळीच कचेरीत सांगण्यात आलं होतं. साहेबांनी तपासनीसांकडे पाहिलं. मग दोघांनी मिळून दाखल्यावरच्या आपल्या दोन सह्यांकडे पाहिलं. कडी सुटली.

बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. वाचनालयाची अर्धी कौलं गेली होती आणि न्हाव्याची खुर्ची चौकाच्या बरोबर मध्यावर, गिऱ्हाइकाची वाट बघत, सरळ उभी होती. कोणाला खरचटलंही नव्हतं.

"ही तक्रार त्या कचेरीत कोण पोचवणार?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

"द्या इकडे," साहेब चादरीतून हात काढून म्हणाले. "मी त्याच बाजूला जातोय."

घरी बायको दारातच उभी होती. "कुठे होतात? फोन लागेना, जीव टांगणीला लागला नुसता!"

"सात नंबरला होतो," सासूबाई म्हणाल्या. "उत्तम व्यवस्था. बाकांना गाद्या आहेत. पाणीसुद्धा गार."

तपासनीसांनी आत जाऊन तोंडावर पाणी मारलं. आपण वाचलो हे त्यांना तेव्हा कुठे खरं वाटलं.

दोन दिवसांनी तक्रार त्यांच्याच टेबलावर येऊन पडली. एका कोपऱ्यात वाळलेल्या साबणाचा डाग होता आणि समासात साहेबांचा शेरा: 'तपासनीसांनी चौदाही निवाऱ्यांची प्रत्यक्ष पाहणी करून नव्याने अहवाल द्यावा.' 'प्रत्यक्ष' या शब्दाखाली दोन रेघा होत्या. तपासनीसांनी चौदा कोरे नमुने घरी आणले. रविवारी सकाळी ते जेवणाच्या टेबलापाशी बसले. बाहेर ऊन कडक होतं. आता सात नंबरचं तर सगळं माहीतच आहे, राहिलेल्या तेरांत काय असणार, असा विचार करत त्यांनी आठ नंबरचा नमुना पुढे ओढला आणि सवयीने पेनचं टोपण काढलं.

समोर सासूबाई नवा चष्मा लावून पेपर वाचत होत्या. पेपर खाली न करता त्या म्हणाल्या, "पेंढ्याच्या पोत्यावर बसलं की किती टोचतं, ते कितव्या प्रश्नात लिहितात?"

तपासनीसांच्या हातातलं टोपण खाली पडलं. ते शोधायला त्यांना टेबलाखाली बराच वेळ लागला.

"आई," ते वर येऊन म्हणाले, "तुम्हाला दिसत होतं?"

"छे. काही दिसत नव्हतं. पण थेंब डोळ्यांत घातले होते, जावईबापू. नाकात नव्हते. आणि फिरकीचं झाकण असलेलं पिंप मी अजून पाहिलेलं नाही."

"मग तिथे... बोलला का नाहीत?"

"चार परक्या माणसांत? आमच्यात जावयाला तसं करत नाहीत." सासूबाईंनी पेपराची घडी घातली. "म्हणून तर तक्रार तुमच्या हातून लिहवून घेतली. एकोणीस वर्षं त्या अक्षराचं कौतुक केलं मी. म्हटलं, त्यात एकदा तरी डोळ्यांनी पाहिलेलं उतरू दे."

तपासनीसांनी नमुना तसाच कोरा ठेवून पेनचं टोपण लावलं. सासूबाई उठल्या, त्यांनी खुंटीवरची पिशवी घेतली, पिशवीत टॉर्च टाकला, पाण्याची बाटली टाकली, आणि तपासनीसांचे बूट पुढ्यात आणून ठेवले.

"हे चावत नाहीत ना?"

"नाही."

"बरं. आठ नंबरपासून सुरुवात करू. तो तरी पाहिलाय का कधी?"

खोटं बोलायची आता काही सोय उरली नव्हती.

"बसमधून," तपासनीस म्हणाले.

"मग आज उतरू," सासूबाई म्हणाल्या.